सहीच्या आधी साडी

शालू,

लग्न झालेल्या मुलीचं सुतक माहेरी तीन दिवस. सासरी दहा. पण तुझ्या सासरी ते पाळायला आहे कोण? तुझे यजमान तुझ्याआधी गेले, मूलबाळ नाही, दीर परदेशात. म्हणजे ज्यांनी दहा दिवस पाळायचं ते नाहीत, आणि आम्ही जे आहोत त्यांना तीनच दिवसांची परवानगी. हे तुला सांगितलं असतं तर तू चष्मा कपाळावर चढवून म्हणाली असतीस, "वयनी, ह्या लिवन ठेव गो, माका वर्गात सांगूक होया." लिहून ठेवलं आहे. वर्ग तेवढा राहिला नाही.

पुण्याहून तुझ्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी पडवीत कुळीथ निवडत होते. ऐकलं, "बरं" म्हटलं, फोन खाली ठेवला आणि निवडत राहिले. सूप रिकामं झाल्यावर बघते तर खडे सगळे भांड्यात आणि कुळीथ अंगणात. कोंबड्यांची चैन झाली. मग सुधीरने मोबाइलवर तुझं तोंड दाखवलं. आमच्या शिरोड्यात रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. तुझा चेहरा मध्येच थांबला, त्यावर एक गोल फिरत राहिला, आणि पुन्हा चित्र हललं तेव्हा तू तिथे नव्हतीस, विद्युतदाहिनीचं लोखंडी दार होतं. नणंद गेल्याचं दुःख बाजूला राहिलं, मला पहिला राग आला तो रेंजचा.

तीन दिवस देवापुढे दिवा नाही, फोडणी नाही. चौथ्या दिवशी सकाळी सुधीर आंघोळ करून आला, घरभर गोमूत्र शिंपडलं आणि म्हणाला, "आये, सुतक फिटला. आता वेंगुर्ल्याक जावन येवया."

कशासाठी, ते तुला माहीत आहे. आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरूनच होतं. हे आणखी चार लोक वाचतील त्यांच्यासाठी सांगते. माझे यजमान, म्हणजे तुझा दादा, गेल्यावर घराला आणि समुद्राकडच्या माडाच्या बागेला तिघांची नावं लागली. माझं, मुलगा सुधीरचं आणि ठाण्याला दिलेल्या आमच्या नंदाचं. सुधीरला बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. बँकेत त्याला सांगितलं, नाव एकच असलं तर काम सोपं. म्हणून मी आणि नंदाने हक्कसोडपत्र करून द्यायचं. आमचा वाटा आम्ही राजीखुशीने सोडतो असं छापलेल्या कागदावर निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करायची, अंगठा टेकवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं. मोबदला काय, तर कागदात लिहिलेलंच असतं, "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी". ह्या चार शब्दांवर तुझी अर्धी हयात गेली.

तू कशाची प्रोफेसर, हे मला फार उशिरा कळलं. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा तू परकरातली, दोन वेण्या, तोंडात सदा काजूचं बोंड. मी अठरा-एकोणीस वर्षांची आणि स्वतःला घराची मालकीण समजणारी. माझ्यातल्या त्या पोरीचं वर्णन काय करू! कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरायची. एकाही किल्लीने एकही कुलूप उघडत नव्हतं, खऱ्या किल्ल्या सासूबाईंच्या उशाखाली. पण वाजायच्या छान. तू एकदा विचारलंस, "वयनी, हे खंयच्या कुलपाचे?" तर मी म्हटलं, "तुका कळाचा नाय." मलाच कळलेलं नव्हतं.

तू पुढे शिकलीस, मुंबईला, मग बाहेर, मग पुण्याला शिकवायला लागलीस. अर्थशास्त्र म्हणजे बँकेतली नोकरी, अशी माझी समजूत. दर मे महिन्यात तू यायचीस आणि मी तुला विचारायचे, "व्याज वाढलं का गो?" तू कपाळावर हात मारायचीस. मग एका दुपारी आपण मागच्या पडवीत आमसुलं वाळत घालत होतो तेव्हा तू मला नीट सांगितलंस. जुन्या पुस्तकांत माणूस म्हणजे वाण्याचा तराजू. त्याला आपला फायदा कशात ते पक्कं ठाऊक, तो तोलतो आणि तसाच वागतो. तू म्हणालीस, असा माणूस मी अजून पाहिला नाही. माणूस लाजतो, घाबरतो, शेजारणीकडे बघून ठरवतो, जे समोर तयार ठेवलेलं असेल त्याला हो म्हणतो. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावण्याची भीती त्याला मोठी. आणि गरिबाचं डोकं आजच्या काळजीने इतकं भरलेलं, की उद्याला तिथे टेकायला जागा नाही. मग वरचे लोक म्हणतात, ह्यांना अक्कल नाही म्हणून हे मागे राहिले. "चुको सगळेच करतत, वयनी," तू म्हणालीस. "पण श्रीमंताच्या चुकीखाली गादी आसता. गरिबाच्या चुकीखाली दगड."

मी विचारलं, "हे शिकायला तुला विमानाने जावं लागलं?"

तू म्हणालीस, "जावक लागला. हयसर कोण आयकता माझा?"

हे तुझं खरं होतं. मी हसले, पण खरं होतं.

तुझा तो खाज्याचा खेळ आठवतो? जत्रेहून आणलेला गुळाच्या खाज्याचा पुडा तू माझ्या हातात दिलास आणि सासूबाईंना समोर बसवलंस. म्हणालीस, वयनीने ह्याचे दोन वाटे करायचे, आईने मान्य केले तर दोघींनी खायचं, आई नाही म्हणाली तर दोघींनाही काही नाही. जगभर हा खेळ खेळतात, असं म्हणालीस. मी शहाणी सून! सगळाच्या सगळा पुडा सासूबाईंपुढे सरकवला. स्वतःला एक दाणा ठेवला नाही. तुला वाटलं, आई आता घेणार. सासूबाईंनी पुड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या माका दिता? घर कोणाचा? नको जा." पुडा तसाच तुझ्याकडे परत. तू पोट धरून हसलीस, म्हणालीस, "जगात असा कोणी खेळला नसात!" आणि मग एकदम हसायची थांबलीस. आम्हा दोघींकडे बघत राहिलीस. मी तेव्हा खाज्याकडेच बघत होते, त्यामुळे तुझ्या तोंडावर काय होतं ते सांगू शकत नाही. आज विचारलं असतं.

आपण दोघी गावोगाव हिंडलो ती तीन-चार वर्षं मला सगळ्यात आवडती. तुला बायकांना एकच विचारायचं होतं, माहेरच्या जमिनीतला वाटा तुम्ही कसा सोडलात. तू एकटी गेलीस की त्या बायका पुस्तकी मराठीत बोलायच्या, "आम्हाला काही तक्रार नाही." म्हणून मला सोबत नेलंस. मी पान काढायचे, सुपारी कातरायचे, सुनांच्या चुगल्या करायचे आणि मग गाडी रुळावर यायची. इन्सुलीची ती बाई विसरणार नाही. हायवेलगतचं घर, दारात काजूच्या बिया पसरलेल्या, एका हाताने कावळे हाकलत ती बोलत होती. तू विचारलंस, भावाने तुम्हाला वाट्याबद्दल विचारलं होतं का?

"इचारल्यान खंय?" ती म्हणाली. "भाव साडी घेवन इलो. वयनीन वटी भरली. मगे कागद काडलो. वटीतलो नारळ पदरात आसताना नाय कसा म्हणूचा, तुमीच सांगा."

परत येताना एसटीत तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, सगळं ह्या क्रमात आहे. आधी साडी, मग सही. उलट केलं, आधी विचारलं आणि सहीनंतर साडी दिली, तर तो व्यवहार दिसेल. आधी दिली की ते प्रेम. आणि प्रेमाला नाही कसं म्हणणार? बांद्यात म्हणू नका, पुढे समुद्रकाठी म्हणू नका, जिथे गेलो तिथे हाच क्रम. कोणी शिकवला नाही, कोणी ठरवून फसवलं नाही. तू म्हणालीस, फसवणूक असती तर सोपं होतं, पोलिसात जाता आलं असतं.

तेव्हा मी तुला टोचलं. म्हटलं, "तुझ्या बाबतीत काय झालं होतं?"

सासरे गेल्यावर तू सही दिलीस ती ह्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत ठरली. सासूबाईंनी अंगठा दिला, तू सही. साडी मीच निवडली होती, सावंतवाडीच्या बाजारातून, मोरपंखी. काय मिरवले होते मी! सहीच्या दिवशी शिरवाळे केले, तांदळाच्या शेवया पिळून आणि नारळाचा रस काढून काढून हात दुखले. वाडीभर सांगत फिरले, आमची नणंद म्हणजे लाख माणूस. आता ती साडी निवडणाऱ्या त्या सुमनकडे बघून वाटतं, बाई गं, त्या दिवशी पाहुण्यांना वाढणारी तू, उद्या पानावर बसवणार आहेत ते तुलाच. पण तिला कोण सांगणार? ती रस काढत होती.

तर एसटीत तू मला उत्तर दिलंस, "माझा येगळा होता, वयनी. मी मनापासून दिलंय."

मी म्हटलं, "सगळ्या हेच म्हणतात. तूच तर लिहिलंयस."

"त्यांका म्हायत नव्हता. माका म्हायत होता. मी शिकलेली. माका नोकरी होती. माका जमीन कित्याक होई होती?"

"मग सही करताना रडलीस कशाला?"

तू तोंड खिडकीकडे फिरवलंस ते थेट शिरोडा येईपर्यंत. उतरल्यावर माझी पिशवी मात्र तूच उचललीस.

हे भांडण आपण तीसेक वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. कधी मी काढायचे, कधी तू. तू म्हणायचीस, दिलं त्याचं दुःख नाही, माहेर राहिलं की. दर मे महिन्यात मी येते, माझी खोली असते, आंब्याची पेटी असते, तू असतेस. आणखी काय हवं? मी म्हणायचे, ते वाटा न सोडताही असतं. तू म्हणायचीस, नसतं. सोडला नसता तर दादा वाईट वागला नसता, पण मी उंबऱ्यावर आले की प्रत्येकाच्या मनात एक आकडा आला असता. आणि इथे तू जिंकायचीस, कारण त्या उंबऱ्याच्या आत मी होते आणि माझ्या मनात तो आकडा आला असता हे मला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्या घरातून आलेली मी. माझं सगळं ह्या घरावर उभं.

मीही तुला एकदा पेचात धरलं. म्हटलं, तुझं शास्त्र आमच्याच डोक्यात शिरून चूक शोधत बसतं. बाई लाजते का, घाबरते का, शेजारणीकडे बघते का. कागद करणाऱ्याच्या डोक्यात का नाही शिरत? तुला राग आला. म्हणालीस, शिरतो आम्ही, पण कागद करणारा मला दारात उभा करत नाही. बाई घरात घेते, चहा देते. मग मी कोणाचं लिहिणार? थोड्या वेळाने स्वतःच म्हणालीस, सरकारी बैठकांतही हेच होतं. साहेब विचारतात, लोक योजनेचा फायदा का घेत नाहीत, त्यांची मानसिकता बदला. मी विचारते, साहेब, ह्या योजनेचा अर्ज तुम्ही स्वतः भरून पाहिलाय? एका दिवसात होत नाही, आणि तिचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची चूल. मग साहेब चहा मागवतात. तुझा आवाज त्या वेळी इतका थकलेला होता की मी पेच सोडून दिला. तो अजून तसाच पडून आहे. तुझ्याशिवाय तो घेऊन मी कोणापुढे बसू?

मग तुझा दादा गेला, आणि हळूहळू तुझं येणं कमी झालं. आधी गुडघे, मग छाती. गेल्या दोन मे महिन्यांत आलीच नाहीस. तुझी खोली, ती समुद्राकडची, तिच्यात सुधीरने गाद्या रचल्या. पर्यटकांसाठी आणलेल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत. त्यांच्यावर पोहायची नारिंगी जाकिटं. त्याचंही बरोबर आहे, दुसरी जागा नव्हती आणि तू येत नव्हतीस.

शेवटच्या फोनवर तुझ्या नाकात नळी होती. दोन शब्द आणि दम. मी तुला सुधीरच्या कागदाचं सांगितलं. तू ऐकलंस. मग अचानक विचारलंस, "माझी खोली आसा मां गो?"

मी थापा मारण्यात ह्या गावात पहिली. पण तुझ्याशी कधी जमलं नाही. म्हटलं, "गाद्या ठेवल्यात सुधीरने."

मागे प्राणवायूच्या यंत्राचा आवाज तेवढा. मला वाटलं, झोपलीस. मग तू हसायला लागलीस. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू, तुला सांभाळणाऱ्या बाईने फोन काढून घ्यायला हात घातला असावा, कारण तू तिला म्हणालीस, "थांबा, थांबा." आणि मला म्हणालीस, "वयनी, मी खोली इकत घेतली होती. वाटो देवन. आता कळला."

मी म्हटलं, "मग मी सही करू नको?"

मला वाटलं आता तू हो म्हणशील. तेवढ्यासाठीच फोन केला होता. मला कोणीतरी सांगायला हवं होतं. पण तू तशी सांगणारी नव्हतीसच. म्हणालीस, "ता मी सांगुचंय नाय. मी सांगितलंय तर तोय धक्कोच. सुधीरचो एका बाजून, माझो दुसऱ्या बाजून. तुझा तू ठरय." मी चिडले. म्हटलं, आयुष्यभर लोकांना कसं ठरवायचं ते शिकवलंस आणि आता माझ्यावर टाकतेस? तू म्हणालीस, "शिकवक नाय कदी. बघीत रवलंय." आणि मग दम लागला आणि बाईने फोन घेतला. मी रागातच होते. दुसऱ्या दिवशी करते म्हटलं, केला नाही. मग कुळीथ.

तर सुतक फिटल्याच्या दिवशी सुधीर वेंगुर्ल्याला जाऊया म्हणाला, आणि त्याने पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. बांद्याच्या बाजारातून आणलेली साडी. राखाडी, बारीक काठ, हाताला अगदी मऊ. "आये, ही नेस. तुका जड साडी होणा नाय ना आताशा." मी बघतच राहिले. माझ्या खांद्याला जड साडी झेपत नाही हे मी त्याला कधी बोलले नव्हते. त्याने पाहिलं होतं.

शालू, हे तुझ्या शास्त्रात कुठे बसतं? त्याने डाव टाकला नव्हता. त्याला तो क्रम ठाऊकसुद्धा नाही. साडी खरी होती, माया खरी होती. आणि तरी ती सहीच्या आधी आली. मी हातात घेऊन बसले. पदरात नारळ घेऊन बसलेली ती इन्सुलीची बाई मला आतून कळली, आणि तूही कळलीस, मोरपंखीत. नाही म्हणायला तोंड उरत नाही म्हणजे काय, ते मी तुझ्याबरोबर गावोगाव ऐकलं होतं. आता ते माझ्याच मांडीवर येऊन बसलं होतं.

साडी नेसले. छान दिसते मला, हे सांगायला लाजत नाही. वेंगुर्ल्याला गेलो. नंदा ठाण्याहून रात्रीच्या गाडीने थेट तिथेच आली होती, डोळे सुजलेले, पण तयार. म्हणाली, "आई, लवकर करूया, मला परतीची गाडी आहे." तिने कागद वाचला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाली, "वाचायचं काय त्यात? दादाच आहे ना." बाकावर आमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी बसल्या होत्या. सगळ्या नव्या साडीत. कचेरीत एवढ्या नव्या साड्या, लग्नाचा हॉल वाटावा.

माझं नाव पुकारलं. साहेब तरुण, मान वर न करता विचारलं, "आजी, राजीखुशीने देताय ना?"

सगळ्यांना विचारतात. कायद्यात आहे म्हणून विचारतात. पण तो प्रश्न माझ्या कानाला नवा होता. मी म्हटलं, "साहेब, ते अजून ठरवलं नाही."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही आत्ता विचारलंत. विचार करायला वेळ तर द्याल?"

"आजी, मागे लोक थांबलेत."

"त्यांना घ्या की मग पुढे," मी म्हटलं आणि उठले. गुडघे धरले होते, म्हणून उठण्यात रुबाब असा काही नव्हता. सुधीरनेच हात दिला.

तुला वाटेल, वयनीने बाजी मारली. तसं काही नाही गो. परतताना गाडीत मी म्हटलं, मोचेमाड आलं वाटतं. सुधीरने गाडीची काच वर केली. नंदा तर कचेरीतूनच परत गेली. संध्याकाळी तिचा फोन आला, रडत होती. "आई, तू सही केली नाहीस तर मी कशी करू? आणि मी केली नाही तर दादा म्हणणार मीच तुला शिकवलं. माझं माहेर तोडलंस तू." तिच्या तोंडून ऐकलं आणि तू सांगायचीस तो आकडा मला उंबऱ्यावर बसलेला दिसला. हलायला तयार नाही. नंदाच्या आणि सुधीरच्या मध्ये तो आता मी आणून बसवला. सूनबाई जेवण वाढते, "तुमी घेतास आजून?" विचारते, एरवी "आये, घे गो" म्हणायची. घरात सगळं चालू आहे आणि कोणी मोठ्याने हसत नाही. समुद्राचा आवाज इतक्या वर्षांत ऐकू येत नव्हता, आता दिवसभर येतो.

मला जिंकल्यासारखं वाटत नाही. भीती वाटते. मी नाही म्हटलं ते माझ्या मनाने, की तू फोनवर हसलीस म्हणून? तू तर मला ढकललं नाहीस. पण मेलेल्या माणसाचं हसणंही ढकलतंच की. हे तुला विचारायचं होतं. आणि आणखी एक, जे तू जिवंत असताना मी बोलले नाही. तू वाटा सोडलास म्हणून ह्या घरात माझं बूड टेकलं, हे मला आवडलं होतं. आणि तू दर मे महिन्यात यायचीस तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून मला त्याचा त्रास व्हायचा, हेही. दोन्ही एकाच वेळी. तू म्हणायचीस ना, माणूस तराजू नाही. नाहीच.

परवा सुधीर आला. मी मागच्या पडवीत बसले होते. त्याचे दोन्ही हात मोकळे, काही आणलं नव्हतं. माझ्या शेजारी पायरीवर बसला. इतका जवळ तो तुझ्या दादाचे दिवस झाले तेव्हापासून बसला नव्हता. केस विरळ झालेत त्याचे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "आये, माझ्या मनात तुका भायेर काडूचा नव्हता गो."

"म्हायत आसा माका," मी म्हटलं.

"मगे तुका काय होया, ता तरी सांग."

शालू, मी तोंड उघडलं. आयुष्यभर हजरजबाबी म्हणून मिरवलेली बाई मी. दुसऱ्याला काय हवं ते मला ह्या घरात झोपेतही सांगता येतं. सासऱ्यांना चहा कसा, तुझ्या दादाला उशी कुठली, सुधीरला कुठली भाजी चालत नाही, तुला मे महिन्यात पहिल्या दिवशी काय खायचं असतं. माझं म्हणून शोधायला गेले तर आत हाताला काही लागेना. तो वाट बघत होता. खरंच वाट बघत होता.

मी म्हटलं, "थांब जरा. माका आठवूक दी."

तो थांबला आहे. मी आठवते आहे.

तुझी,
सुमन वयनी